दिवाळीत घेतलेली खेळणी, आठ महिन्यांनंतर

लेक दहा महिन्यांची असताना, गेल्या दिवाळीत घरात चार खेळणी आली: चन्नपट्टणच्या लाकडी रिंगा, सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली लाकडी फळं, कापडी हत्ती आणि पाहुण्यांनी दिलेला गाणी वाजवणारा मोबाईल. आता ती दीड वर्षाची आहे.

रिंगांवर मी पूर्ण समाधानी आहे. लेथ यंत्रावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, तोच हा रंग. हातात देण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने खसखसून पुसून पाहिलं होतं. आठ महिने चावून, लाळेत भिजवूनही रंग उतरलेला नाही. फरशीवर आपटून एका रिंगेची कड मात्र उडाली. कूस लागेल म्हणून ती रिंग काढून ठेवली. धुवायला पाण्यात बुडवू नका, ओलं फडकं पुरतं.

त्यांच्यावर आयएसआय चिन्ह नव्हतं. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे तिथे तपासायचं काम आपल्यावर येतं.

मोबाईलचं तसं नाही. तो कारखान्यातला माल, खोक्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ ठळक छापलेलं, पण आयएसआय कुठेच नाही. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नव्हता, नखाने उघडलं. आत बटण सेल! तो अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यात वीज वाहून तिथे अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. खेळणं चालवण्याइतका दम न उरलेला सेलही हे करू शकतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठा. मोबाईल त्याच दिवशी घराबाहेर गेला. पाहुण्यांना वाईट वाटलं असेल, पण माझा नाइलाज होता.

हत्तीने मला खरा धडा दिला. आणला तेव्हा ओढून पाहिला होता, शिवण पक्की होती. पाचव्या महिन्यात एका डोळ्याचा दोरा सैल झालेला दिसला. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग ३१.७ मिमी व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावता कामा नये, असा नियम आहे. हा डोळा शर्टाच्या बटणाएवढा. दोन्ही काढून जाड दोऱ्याने डोळे भरले. तेव्हापासून दर रविवारी प्रत्येक खेळणं ओढून, पिळून, उजेडात धरून बघते.

सावंतवाडीची फळं देखणी आहेत. दुकानदारांनी स्वतःच सांगितलं, ‘ताई, ही शोभेची, तोंडात घालायला देऊ नका.’ म्हणून ती शोकेसमध्ये वर आहेत. सासूबाई संध्याकाळी आंबा, काजू, फणस एकेक करून खाली काढतात, नावं सांगतात आणि परत वर ठेवतात. लेकीला आता ‘काजू’ म्हणता येतं.