स्क्राइबस १.६ : लॉक सुटलं, आता विचारायचं कुणाला?

सांगलीत आमचं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं, छोटं काम आहे. मी आणि माझी भाची, दोघीच. स्मरणिका, शाळांची वार्षिकं, कवितासंग्रह, अधूनमधून एखादा दिवाळी अंक. गेल्या हिवाळ्यापासून यातली बहुतेक पानं स्क्राइबस या पानं लावायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये लागतायत. "फुकट आहे आणि चांगलं आहे" एवढ्यावर आमच्या धंद्यात कुणी सॉफ्टवेअर बदलत नाही. उद्या सकाळी छपाईची प्लेट जायची असते, रात्री अकराला काहीतरी अडतं, तेव्हा कोण सोडवतं हे आधी माहीत हवं. म्हणून या लिखाणात सॉफ्टवेअरपेक्षा मदतीबद्दल जास्त आहे.

बदल हौसेनं केलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं, आमच्या जुन्या मशीनला विंडोज ११ चालत नव्हतं, म्हणून नवीन मशीन घेतलं. त्यावर आमच्या मराठी पॅकेजचं लॉक, म्हणजे परवान्यासाठी मशीनला लावायचा छोटा तुकडा, ओळखलंच जाईना. नव्या विंडोजमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा बहुतेक वेळा आधीपासून चालू असते आणि ती जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर अडवते. लॉकचा ड्रायव्हर नेमका तसलाच. कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर पहिला प्रश्न, "मॅडम, एएमसी चालू आहे का?" एएमसी म्हणजे वर्षाचा देखभाल करार. तो नव्हता. मग जुनं लॉक जमा करा, नवीन आवृत्ती घ्या, फरक भरा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही तऱ्हा एकट्या त्यांची नाही. पण नंतर विचार केला की इतक्या वर्षांत त्या नंबरवर आपण कशासाठी फोन केले? लॉक सापडत नाही. लॉक तापतंय. लॉक या मशीनचं काढून त्या मशीनला लावलं तर फॉन्ट गायब. पान नीट कसं लागेल हा प्रश्न त्या फोनवर कधी निघालाच नाही. पैसे भरून मिळालेली सगळी मदत परवाना सांभाळण्यात खर्ची पडली.

स्क्राइबसचं नाव आधी ऐकलं होतं, पण "त्यात मराठी फुटतं" असंच. ते खरंही होतं, १.४ या आवृत्तीपर्यंत. त्यात वेलांटी भलत्या ठिकाणी जायची, जोडाक्षरं सुटी पडायची. देवनागरी, अरबी अशा लिप्यांची जुळणी करणारं नवं यंत्र १.५ च्या विकास आवृत्त्यांमध्ये आलं, आणि तीच मालिका १ जानेवारी २०२४ ला १.६ म्हणून स्थिर झाली. आज नेटवर मदत शोधायला गेलात तर हाच पहिला सापळा. अर्धी उत्तरं १.४ च्या काळातली. "टेक्स्ट टॅबमध्ये जा" म्हणतात, तर १.६ मध्ये मजकुराचं सगळं प्रॉपर्टीजमधून काढून कंटेंट पॅलेटमध्ये ठेवलंय. एफ २ ऐवजी एफ ३ दाबा, सापडेल. कुठलंही उत्तर वाचताना ते कुठल्या आवृत्तीचं आहे हे आधी बघायचं, ही सवय आम्हाला पहिल्याच आठवड्यात लागली. आणखी एक, १.६ मध्ये साठवलेली फाइल १.४ उघडत नाही. तेव्हा ज्याच्याबरोबर फायली द्यायच्या-घ्यायच्या आहेत, त्याच्याकडे कुठलं आहे ते विचारून घ्या.

इन्स्टॉल करणं सोपं आहे, पण एका बैठकीत संपत नाही. मूळ प्रोग्रॅम सोर्सफोर्ज या साइटवरून उतरवायचा. तिथं जाहिरातींची हिरवी बटणं असतात, ती सोडून खरं बटण दाबायचं. मग सुरू केल्यावर तो घोस्टस्क्रिप्ट नावाचा दुसरा प्रोग्रॅम मागतो. ते वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, कारण ईपीएस प्रकारच्या चित्रांच्या फायली आत घेणं आणि छपाईआधी चार रंग वेगवेगळे करून बघणं त्याच्याशिवाय होत नाही. आपोआप सापडलं नाही तर प्रेफरन्सेसमधल्या एक्स्टर्नल टूल्समध्ये त्याचा पत्ता द्यायचा. इतकंच. ना सिरियल नंबर, ना ॲक्टिव्हेशन, ना "आमचा माणूस मंगळवारी येईल."

खरी गंमत फॉन्टची. आमच्या मशीनवर पंधरा-वीस वर्षांचे साठलेले शेकडो फॉन्ट होते. ते सगळे नव्या मशीनवर ओतले आणि स्क्राइबस सुरू व्हायलाच वेळ घ्यायला लागलं. ते प्रत्येक फॉन्ट उघडून तपासतं आणि ज्याची फाइल बिघडलेली असेल तो बाजूला काढतं. जुन्या सीड्यांवरून आलेले कितीतरी फॉन्ट असे गळाले. भाची वैतागली, मला बरं वाटलं. याच फॉन्टांमुळे पूर्वी छापखान्यात फाइल अडकायची आणि कारण कुणालाच कळायचं नाही.

आता मजकुराला आम्ही 'टिरो देवनागरी मराठी' वापरतो. त्यात ल आणि श मुळातच मराठी वळणाचे आहेत, पुस्तकात डोळ्याला खुपत नाहीत. पण या फॉन्टला ठळक रूपच नाही. साधं आणि तिरकं, दोनच. वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही बी दाबता आणि तो अक्षर खोटं जाड करून देतो. स्क्राइबस तसं करत नाही. जे रूप फॉन्टमध्ये आहे तेच मिळेल. पहिल्यांदा हे न कळून "ठळक होत नाही" म्हणून शोधाशोध झाली. आता शीर्षकं 'मुक्त'मध्ये लावतो, त्याची सात वजनं आहेत. मजकुरातच ठळक हवं असेल तर आयआयटी मुंबईची 'शोभिका' घेतो. छापून आल्यावर खोट्या जाडीपेक्षा हे कितीतरी स्वच्छ दिसतं.

दोन्ही बाजूंनी सरळ ओळी लावताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ओळ भरायला अक्षरांमध्ये जागा सोडली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. स्क्राइबसच्या परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये 'ग्लिफ एक्स्टेन्शन' म्हणून सोय आहे, ती अक्षरच किंचित आडवं ताणते किंवा आवळते. ९८ ते १०२ टक्के एवढी मुभा दिली की शिरोरेषा शाबूत राहते आणि शब्दांमधल्या नद्या, म्हणजे ओळींतून खाली उतरत जाणाऱ्या पांढऱ्या फटी, त्याही कमी होतात. त्यापुढे गेलात तर अक्षर फताडं दिसायला लागतं. आमच्या जुन्या पॅकेजमध्ये हे करता येत होतं की नाही मला आठवत नाही, पण कुणी सांगितलं मात्र नव्हतं.

परवान्याबद्दल एक प्रसंग. एका कॉलेजच्या स्मरणिकेच्या कामात अट होती: अधिकृत परवान्याचं सॉफ्टवेअर वापरलेलं असावं, पुरावा जोडावा. कार्यालयातले साहेब म्हणाले, "ताई, बिल लावा." मी म्हटलं, बिल नाही, कारण खरेदीच नाही. "मग पायरेटेड?" हा प्रश्न त्यांनी सरळ मनानं विचारला, त्यांच्या जगात फुकट म्हणजे चोरीचंच. स्क्राइबस जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. कितीही मशीनवर टाका, धंद्यासाठी वापरा, त्यात लावलेली पानं तुमची. परवान्याचा सगळा मजकूर प्रोग्रॅमबरोबरच येतो. तो छापला, फॉन्टांचे ओपन फॉन्ट लायसन्सही छापले आणि वर माझ्या लेटरहेडवर चार ओळी मराठीत लिहिल्या: कोणतं सॉफ्टवेअर, कोणता परवाना, शुल्क नाही. फाइलला कागद लागला, साहेब खूश. असं पत्र एकदा तयार करून ठेवा, पुढे कामाला येतं. फॉन्टांचं विसरू नका. जुन्या पॅकेजचे फॉन्ट बहुधा त्या पॅकेजच्या परवान्याला बांधलेले असतात. पॅकेज सोडलं आणि फॉन्ट तसेच वापरत राहिलात तर पुरावा द्यायची वेळ तुमच्यावर आहे.

मदतीचा सगळ्यात बोलका अनुभव पीडीएफचा. प्रेसवाले काका म्हणाले, "ताई, एक्स-३ पीडीएफ द्या, नाहीतर काळा चार कलरात फुटतो." एक्स-३ म्हणजे छपाईसाठी ठरवलेला पीडीएफचा प्रकार. निर्यातीच्या चौकटीत पीडीएफ/एक्स-३ निवडताच येत नव्हतं. कारण कलर मॅनेजमेंट चालू केल्याशिवाय ते पर्याय खुले होत नाहीत. डॉक्युमेंट सेटअपमध्ये जाऊन ते चालू केलं, प्रोफाइल निवडलं, पर्याय आला. आणि आता सेव्हचं बटणच करडं! दाबलंच जाईना. चूक कसलीच दाखवत नव्हतं. रात्री साडेदहा, सकाळी प्लेट.

भाचीनं इंग्रजीत प्रश्न लिहिला आणि नेटवर स्क्राइबसच्या वापरकर्त्यांना पाठवला. तिचं पाहून मी शिकले. "पीडीएफ होत नाही, अर्जंट मदत करा" असं तिनं लिहिलं नाही. आवृत्ती, विंडोज कुठलं, कुठल्या चौकटीत काय निवडलं, बटण कधी करडं होतं, आणि बरोबर एकाच पानाची छोटी फाइल. चहा होईतो उत्तर आलं, युरोपातल्या कुणा गृहस्थाचं, दोन ओळींत: प्री-प्रेस टॅबमध्ये 'इन्फो स्ट्रिंग' नावाचा रकाना आहे, त्यात काहीतरी लिहा. लिहिलं. बटण जिवंत झालं. पीडीएफ/एक्स मध्ये ती नोंद लागतेच, म्हणून रिकामी ठेवली तर तो पुढे जाऊ देत नाही. रकान्यापाशीच तांबड्या अक्षरात सांगितलं असतं तर कुणाची रात्र गेली नसती, हे माझं मत मी आजही सोडलेलं नाही.

ती मदत फुकट होती आणि नेमकी होती. पण ती देणं कुणाचं कर्तव्य नव्हतं. दुसऱ्या एका प्रश्नाला चार दिवस कुणी उत्तर दिलं नाही, आणि तक्रार करायला कुणी नाही. हेल्पलाइनवर निदान "तुमची नोंद घेतली" असं म्हणतात. त्यामुळे आम्ही एक नियम केलाय: नवीन काहीही करून बघायचं ते मोठ्या कामाच्या आदल्या आठवड्यात, आदल्या रात्री नाही. मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिस आणि इंकस्केपचे छोटे धडे मराठीत आहेत. भाची रेखाटनांसाठी इंकस्केप त्यावरूनच शिकली. मजकूर आधी लिबरऑफिसमध्ये स्टाइल लावून साफ करून घेतला की स्क्राइबसमधलं निम्मं काम हलकं होतं.

साफ करणं म्हणजे काय, ते जुन्या फायली असलेल्यांनाच कळेल. आमचा वीस वर्षांचा मजकूर जुन्या, प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या सांकेतिक जुळणीत आहे. फॉन्ट बदलला की सगळं इंग्रजी चिन्हांचं कडबोळं. पेजमेकर या जुन्या डीटीपी प्रोग्रॅमच्या फायली स्क्राइबस १.६ उघडायचा प्रयत्न करतं, चौकटी बऱ्यापैकी येतात, पण मजकूर त्याच जुन्या सांकेतिक रूपात. मग परिवर्तक वापरून युनिकोड, म्हणजे सगळ्या फॉन्टांना चालणारी एकच जुळणी, करायचं, आणि तिथं 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. आडवा र जाऊन त्याचा रफार होतो. शोधून बदलायचं म्हटलं तर 'सूर्या'लाही धक्का लागतो, म्हणून सगळं एकदम बदलता येत नाही, शब्द बघत जावं लागतं. शिवाय हाच आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, दिसतो सारखाच, पण एक शोधलात तर दुसरा सापडत नाही. याला कुठल्याही मदतकेंद्राकडे उत्तर नाही. चांगला प्रूफरीडर हेच उत्तर, आणि त्याचे पैसे हिशोबात धरा. सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणून हे काम फुकट होत नाही.

स्क्राइबसची फाइल आतून साधा मजकूर असते, ही मात्र फार मोठी सोय. एका कवितासंग्रहात ग्राहकानं शेवटच्या क्षणी फॉन्ट बदलायला सांगितला. भाचीनं फाइलची प्रत काढली, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, फॉन्टचं नाव शोधून बदललं, संपलं. एकदा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, तेव्हा जाता जाता त्यानं आणीबाणीची प्रत बाजूला ठेवली होती, त्यातून पानं परत मिळाली. बंद पडतो, हे लपवत नाही. मोठ्या पुस्तकात शंभर पानांच्या चौकटी एकमेकींना जोडल्या की टायपिंग रेंगाळतं. म्हणून आम्ही प्रकरणागणिक वेगळी फाइल करतो आणि दुरुस्त्या स्टोरी एडिटर या फक्त मजकुराच्या खिडकीतच.

ॲडोबीच्या इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅमशी तुलना सगळे विचारतात. मराठीसाठी त्यात २०१२ च्या सीएस ६ पासून सोय आहे, वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की जोडाक्षरं नीट येतात, आणि मोठ्या पुस्तकांना ते अजूनही सरस आहे. पण वर्गणी अखंड भरावी लागते, आणि आमच्यासारख्यांचं काम हंगामी. दिवाळीआधी आणि मार्चमध्ये रात्रंदिवस, बाकी महिने निवांत.

तक्त्यांचं सांगायचं राहिलं. १.६ मध्ये तक्ता करता येतो, पण एका पानावरून दुसऱ्या पानावर वाहणारा लांब तक्ता त्याला झेपत नाही. तुकडे करून हातानं लावावा लागतो. पतसंस्थेचा अहवाल, ज्यात ताळेबंद आणि सभासदांची यादी पानंच्या पानं चालते, तसलं काम आलं की मी सरळ मिरजेच्या एका इनडिझाइनवाल्याकडे पाठवते. तो त्या बदल्यात आम्हाला कवितासंग्रह पाठवतो.