योजनेचा परिणाम मोजायला शिकवणारा ऑनलाईन कोर्स, साडेतीन स्टार

मी धुळ्यात एका छोट्या संस्थेत सर्व्हेचं काम करतो, म्हणजे दिवसा गावोगाव फिरून फॉर्म भरायचे आणि रात्री एक्सेलमध्ये टाकायचे. शेवटी रिपोर्टमध्ये एकच वाक्य येतं, योजनेमुळे फायदा झाला. कशावरून? तर आधी इतकं होतं आणि आता इतकं आहे. हे मला कायम खटकायचं पण नेमकं कुठं चुकतंय ते सांगता येत नव्हतं, म्हणून खिशातले पैसे घालून 14 आठवड्यांचा कोर्स केला. नाव टाकत नाही, पुढे थोड्या शिव्या आहेत.

आधी चांगलं सांगतो. डिफरन्स इन डिफरन्स, म्हणजे योजना आलेल्या आणि न आलेल्या ठिकाणी आधी-नंतर किती फरक पडला याची वजाबाकी, त्याचे दोन आठवडे म्हणजे पैसे तिथंच वसूल. त्यांचं उदाहरण अमेरिकेचं होतं, न्यू जर्सीने एप्रिल 1992 ला किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तेच राहिलं, मग कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची मिळून 410 फास्ट फूड हॉटेलं आधी-नंतर तपासली, तर नोकऱ्या घटल्याचं काही दिसलं नाही. मला मात्र पूर्ण वेळ आपल्याकडच्या विहिरी दिसत होत्या. 2015 ला महाराष्ट्रात दुष्काळ, 2016 ला पाऊस त्यामानाने बरा, आणि मधे जलयुक्त शिवारची कामं झालेली. मग पाणी वाढलं ते नाला खोलीकरणाने का पावसाने? समजा काम झालेल्या गावात पाणी 3 मीटर वर आलं आणि काम न झालेल्या शेजारच्या गावात 2 मीटर, तर योजनेच्या नावावर फक्त 1 मीटर लावायचा. वजाबाकी चौथीतलं पोरगं पण करेल, पण अट अशी की योजना नसती तर दोन्ही गावांचं पाणी सारखंच वर-खाली झालं असतं, आणि हे सिद्ध करताच येत नाही, आधीच्या पाच-सात वर्षांचे आकडे दाखवून पटवावं लागतं. हे काकांना समजवायला गेलो तर ते म्हणे, "पानी उना तर उना, आते काय मोजी राह्यना रे भो!"

कटऑफवालं प्रकरण पण भारी आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत वस्तीची लोकसंख्या 500 असा निकष, डोंगरी आणि आदिवासी भागात 250. म्हणजे धडगावकडे 245 चा पाडा आणि 255 चा पाडा यात तसा फरक काय, पण एकाचा रस्त्यासाठी नंबर लागतो आणि दुसऱ्याचा नाही, मग या काठावरच्या पाड्यांचीच तुलना करायची. एमपीएससीत अर्ध्या मार्काने हुकलेल्या माझ्या रूम पार्टनरला हे एका मिनिटात कळलं. फक्त कोणी आकडा वाढवून लिहिला असेल तर सगळं मुसळ केरात.

चिठ्ठ्या टाकून गावं निवडायची पद्धत म्हणजे आरसीटी, त्यात उदयपूरचा प्रयोग आहे. 134 गावं. जिथं काहीच वेगळं केलं नाही तिथं 6 टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण, जिथं नियमित कॅम्प लावले तिथं 18, आणि कॅम्पसोबत डाळ पण वाटली तिथं 39. वर डाळ देऊन सुद्धा एका मुलामागचा खर्च कमी पडला कारण नर्स तर तशी पण दिवसभर बसूनच असते, बाया जास्त आल्या की तोच खर्च वाटला जातो. आई विचारे, कोणती डाळ? ते काय व्हिडिओत सांगितलं नाही.

आता शिव्या. इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल (योजना कोणाला मिळते ते बदलणारी, पण निकालावर थेट परिणाम न करणारी तिसरी गोष्ट शोधून मोजायची पद्धत) हा सगळ्यात अवघड भाग 40 मिनिटात उरकला, मी चारदा बघितला तरी डोक्यावरून. जाहिरातीत सांख्यिकी येत नसली तरी चालेल लिहिलंय, साफ खोटं, रिग्रेशन, म्हणजे एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध काढायचं गणित, माहीत नसेल तर तिसऱ्या आठवड्यात बॅग भरा. सराव स्टाटा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ज्याचं लायसन आपल्याला परवडत नाही, मी सगळं आर नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये परत लिहिलं आणि मेंटर म्हणे आम्ही आर तपासत नाही. मे महिन्यात परीक्षा, 44 डिग्री, मधेच लाईट गेली, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर येईपर्यंत पेपर आपोआप सबमिट. परत द्यायची तर अर्धी फी पुन्हा. मेलला अजून उत्तर नाही.

घ्यायचाच असेल तर आधी व्हिडिओ फुकटात बघा, जमतंय वाटलं तर मगच सर्टिफिकेटचे पैसे भरा, आणि हिवाळ्याची बॅच धरा. मी सध्या भूजल सर्वेक्षणवाल्यांच्या निरीक्षण विहिरींचे जुने आकडे गोळा करतोय, ते ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असं वर्षातून चारदा मोजतात. शिंदखेड्याकडचे मिळाले, शेजारी काम न झालेलं गाव सापडत नाहीये.