‘ग्रॅव्हिटी’: हबलवरून स्थानकापर्यंत जाता येईल का?

अल्फोन्सो क्वारोनचा ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) बारीकसारीक गोष्टींत कमालीचा काटेकोर आहे. बाहेर निर्वात पोकळी, त्यामुळे स्फोट होतात ते निःशब्द. हातातल्या अवजाची घरघर तेवढी ऐकू येते, तीही हातमोज्यातून सूटमध्ये शिरलेली. सिनेमा फसतो तो नकाशात: हबल दुर्बिणीची दुरुस्ती चालू असताना फोडलेल्या रशियन उपग्रहाचा ढिगारा शटल उद्ध्वस्त करतो, आणि स्टोन व कोवाल्स्की हे दोन अंतराळवीर तिथून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघतात.

हबल दुर्बीण सुमारे पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी २८.५ अंशांच्या कोनात फिरते. अंतराळ स्थानक चारशेच्या आसपास, पण ५१.६ अंशांवर. उंचीतला फरक किरकोळ आहे, खरी अडचण कोनाची. कक्षेचं प्रतल २३ अंशांनी वळवायचं तर वेगात सेकंदाला सुमारे ३ किलोमीटरचा बदल करावा लागतो. कोवाल्स्कीच्या पाठीवर आहे तशा एमएमयूची (वायूच्या झोतावर चालणाऱ्या जेटपॅकची) सगळी टाकी संपवली तरी मिळतात सेकंदाला जेमतेम २५ मीटर. शटललाही हे झेपत नव्हतं. म्हणूनच २००९ मध्ये अटलांटिस शटल हबलच्या शेवटच्या दुरुस्तीला गेलं, तेव्हा सुटकेसाठी एंडेव्हर हे दुसरं शटल दुसऱ्या लाँचपॅडवर सज्ज ठेवलं होतं.

सिनेमात हा ढिगारा दर ९० मिनिटांनी परत येतो यावर बरीच टीका झाली, पण ती मला पूर्ण पटत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तेव्हा स्थानक साधारण दर ९० मिनिटांनी त्या तुकड्यांच्या जवळून जात होतं आणि अंतराळवीर आपापल्या यानांत जाऊन बसले होते. न पटणारी गोष्ट वेगळी आहे: तोच ढिगारा हबललाही गाठतो, स्थानकालाही आणि तियांगोंग या चिनी स्थानकालाही. शिवाय पृथ्वीशी संपर्क तुटतो. शटलचा संपर्क ज्या उपग्रहांमार्फत चालायचा, ते तर जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात!

सगळ्यात जास्त खटकतो तो दोरीचा प्रसंग. स्टोनचा पाय स्थानकाला जोडलेल्या सोयुझ या रशियन यानाच्या पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकलाय, कोवाल्स्की तिच्या हातातल्या पट्ट्याला लोंबकळल्यासारखा, आणि दोघंही थांबलेत; मग तिला वाचवायला तो पट्टा सोडून देतो. आता त्याला ओढतंय कोण? स्थानकासकट सगळेच मुक्त पतनात, म्हणजे एकत्रच पृथ्वीभोवती पडत आहेत. पट्ट्याला हलकासा हिसका दिला असता तर तो अलगद तिच्याकडे आला असता. स्थानक गरगर फिरत असतं तर ओढ लागली असती, पण पडद्यावर तसं जाणवत नाही. सिनेमाचा सगळा भावनिक भार याच क्षणावर आहे, म्हणून ही चूक मला कक्षांच्या घोळापेक्षा मोठी वाटते.

सूट उतरवल्यावर स्टोन बनियन-शॉर्ट्समध्ये दिसते. प्रत्यक्षात आत सुमारे ९० मीटर बारीक नळ्या शिवलेला, पाणी खेळवून अंग थंड ठेवणारा पोशाख असतो, शिवाय डायपर. पुढे ती ओर्लान हा रशियन स्पेससूट चढवून लगेच बाहेर पडते. स्थानकात आणि सोयुझमध्ये हवेचा दाब जमिनीवरच्याइतका, ओर्लानमध्ये त्याच्या ४० टक्के. आधी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन कमी केला नाही, तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांध्यांत असह्य कळा येतात.

अश्रूही असे गालावरून सुटून तरंगत नाहीत. पृष्ठताणामुळे डोळ्यावरच गोळा होऊन चिकटून बसतात. केसही बघा: आखूड असले तरी शून्य गुरुत्वात ते पिंजारून उभे राहायला हवे होते, इथे डोक्याला चिकटलेले आहेत.