लिव्हर दाबून एक मिनिट थांबलो असतो तर 58 हजार वाचले असते

हे लिहू की नको लिहू करत दोन महिने गेले, कारण आपण येडे बनलो हे चारचौघांत सांगायला लाज वाटतेच, पण गेल्या आठवड्यात आणखी एकाने मला विचारलं की बाबा रे तू जुनी अ‍ॅक्शन (रायफलचा लाकूड सोडून बाकीचा भाग) घेऊन एअर रायफल बनवलीस ना, मला पण तसंच करायचंय, कुणाकडून घेतलीस? तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकतो, निदान त्याच माणसाकडे कुणी जाऊ नये.

आम्ही फोंड्याचे. मुलगी नववीत आहे, दीड वर्ष झालं 10 मीटर एअर रायफल शिकतेय. 2023 ला नॅशनल गेम्स गोव्यात झाल्या तेव्हापासून तिच्या डोक्यात होतंच, आणि 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ काढलं त्या दिवशी तर घरात दुसरा विषयच नव्हता. त्याचा इव्हेंट 50 मीटरचा, पॉइंट टू टू रायफलचा, ते वेगळं, त्याला लायसन्स लागतं आणि त्यातली अ‍ॅक्शन-बिक्शन घरी खोलायचा विचारसुद्धा करायचा नाही. एअर रायफल 4.5 एमएम म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हनची आणि 20 जूलच्या आतली असली की लायसन्स लागत नाही, मॅचवाली साडेसात-आठ जूलच्या आसपास असते, तेव्हा तो प्रश्न नव्हता. प्रश्न पैशांचा होता. क्लबची रायफल तीन पोरांत एक, तिचा नंबर लागेपर्यंत शेवटची बस जायची वेळ होते. नवी जर्मन रायफल म्हणजे लाखांच्या गोष्टी. मी फॅक्टरीत शिफ्ट करणारा माणूस, माझं बजेट सगळं मिळून 75 हजार.

मग डोक्यात आलं की अ‍ॅक्शन जुनी घ्यायची, म्हणजे बॅरल, ट्रिगर आणि हवा दाबायचा पंप एवढं, आणि लाकूड आपण करून घ्यायचं. आमच्या शेजारचे मेस्त एक नंबर सुतार आहेत, फणसाचं जुनं वाळलेलं लाकूड त्यांच्याकडे पडलेलं होतं, मुलीच्या खांद्याच्या मापाने स्टॉक म्हणजे लाकडी दस्ता करून देतो म्हणाले. डायॉप्टर साइट, म्हणजे ज्या बारीक भोकातून नेम धरतात ती, एका ओळखीच्याकडून सेकंडहँड मिळत होती. राहिली अ‍ॅक्शन.

इथे मी अभ्यास केला हं, आंधळेपणाने नाही गेलो. तीन प्रकार बघितले. एक स्प्रिंगवाली, आपली देशी ब्रेक बॅरल, म्हणजे बॅरल मोडून भरायची असते ती, स्वस्त आणि दणकट, पण स्प्रिंग सुटली की आत पिस्टन पुढे धावतो आणि रायफल आधी मागे मग पुढे असा दुहेरी झटका देते, पेलेट म्हणजे छर्रा अजून बॅरलमध्ये असतानाच हे सगळं होतं त्यामुळे पकड जराशी बदलली तरी ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा भोकांचा पुंजका, हलतो. फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीच्या जुन्या 300 मध्ये त्यावर उपाय म्हणून अख्खी अ‍ॅक्शनच रुळावर मागे सरकते, मस्त डोकं लावलंय, पण ते रूळ लाकडात बसवणं मेस्तच्या हातचं काम नाही. दुसरी पीसीपी, आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवाली, आजकाल मॅचला सगळे तीच वापरतात, झटका जवळजवळ नाहीच. पण तिचा सिलिंडर 200 बार दाबाचा आणि त्याला कंपन्या 10 वर्षांची मुदत देतात, तारीख सिलिंडरवरच मारलेली असते, मुदत संपलेला सिलिंडर मॅचला चालत नाही आणि चालला तरी पोरीच्या गालाजवळ तसला बाटला मी ठेवणार नाही. माझ्या बजेटमध्ये ज्या पीसीपी येत होत्या त्या सगळ्या बाद तारखेच्या. हवा भरायला गोव्यात स्कुबावाले आहेत म्हणा, पण दर वेळी त्यांच्याकडे कोण जाणार.

तिसरी सिंगल स्ट्रोक. बाजूचा लिव्हर एकदा उघडून बंद केला की एका शॉटपुरती हवा दाबली जाते, बस्स. सिलिंडर नाही, स्प्रिंग नाही, झटका नाही. फाइनवेर्कबाऊची 600 सिरीज, वॉल्थरची एलजीआर, या ऐंशीच्या दशकापर्यंत जगभर मॅच जिंकत होत्या. बॅरल तर म्हातारी होत नाही. म्हणजे माझ्यासाठी हीच बरोबर होती, आणि आजही मी म्हणेन की बरोबरच होती, चूक तिथे झाली नाही.

चूक पुढे झाली. एका ग्रुपवर म्हापशाच्या बाजूच्या एकाची जाहिरात दिसली, 600 सिरीजची अ‍ॅक्शन, स्टॉक तुटलेला म्हणून फक्त अ‍ॅक्शन विकतोय, "फुल सर्व्हिस केलेली, सील नवीन". 65 सांगत होता. फोनवर इतका गोड माणूस, की काय सांगू. मी पीसीपीचं विचारलं तर स्वतःच म्हणाला, पात्रांव, पीसीपी घेऊ नका, सिलिंडरची तारीख बघा आधी, लोक फसवतात. मला फसवणारा मला लोक कसे फसवतात ते समजावून सांगत होता आणि मी मान डोलवत होतो.

शुक्रवारी सुट्टी टाकून गेलो, म्हापशाला बाजाराची ही गर्दी, त्यातून कसाबसा त्याच्या घरी पोचलो. मागच्या पडवीत टेबल, टेबलावर निळा टॉवेल, त्याला कोपऱ्यात इस्त्रीने जळल्यासारखा डाग, व्हाईसमध्ये, म्हणजे टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात, अ‍ॅक्शन घट्ट आवळलेली आणि 10 मीटरवर पुठ्ठ्याला टार्गेट. त्याने माझ्यासमोर पाच शॉट मारले. लिव्हर उघडला, बंद केला, पेलेट घातला, फाट. परत लिव्हर, पेलेट, फाट. हाताला काय वेग त्याच्या. पाच पेलेट एका भोकात, ते भोक जरासं ओबडधोबड एवढंच. मग मी पाच मारले, तो बाजूला उभा राहून हां, हां, मारा असं करत होता, माझे पण त्याच भोकात. बॅरलच्या तोंडावर कापसाची काडी फिरवून बघितली, कुठे धागा अडकला नाही, म्हणजे तोंड शाबूत. ट्रिगर लोण्यासारखा. मी खूश.

एकदाच, एकदाच मी लिव्हर बंद करून बाजूचा नंबर वाचायला वाकलो, तर लगेच म्हणाला, दादा तसं प्रेशरवर ठेवू नका हं, सीलवर लोड येतो, मारून टाका. आता हे अर्धं खरं आहे, म्हणूनच मला लागलं नाही. रायफल दाबून तासन् तास, रात्रभर ठेवायची नसते, बरोबर. पण एक-दोन मिनिटं राहायलाच पाहिजे ना, त्यासाठीच तर ती बनवलीय! सौदा 58 ला ठरला, 10 हजार आधी जीपे केले होते, उरलेले 48 कॅश दिले, त्याने साध्या कागदावर "वापरलेली अ‍ॅक्शन, बघून घेतली" असं लिहून माझी सही घेतली. त्या "बघून घेतली" चा अर्थ मला नंतर कळला.

मेस्तनी स्टॉक असा केला की बघत राहावं. चवथीच्या आधी रायफल तयार झाली, मी मारून बघितली, दहा, दहा, नऊ, दहा. मुलीने हातात घेतली आणि गंमत सुरू झाली. पहिला शॉट दहा, मग आठ खाली, मग नऊ, मग सात खाली. डावी-उजवी नाही, सरळ खालीच. मी घेऊन मारली, परत दहा. मी तिला म्हटलं तू श्वास सोडून मारतेस, तू खांदा सैल सोडतेस, तू मोबाईल कमी कर. तीन आठवडे हे चाललं. एकदा रेंजवरून परत येताना मी स्कूटरवर तिला इतकं बोललो की ती फर्मागुडीपासून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मला तेव्हा वाटलं बरं झालं, लागलंय मनाला.

शेवटी तिच्या सरांनीच पकडलं. सर बराच वेळ टार्गेटकडे नाही, घड्याळाकडे बघत होते. मला म्हणाले तुम्ही लिव्हर बंद केल्यापासून किती वेळात मारता? मी म्हटलं, मारतो की लगेच. ते म्हणाले, ही मारते चाळीस सेकंदांनी, कधी एक मिनिटाने, कारण तिला मी तसंच शिकवलंय, नाही जमलं की खाली घे, श्वास घे, परत उचल. मॅचमध्ये 60 शॉटला सव्वा तास असतो, हिशेब करा, एका शॉटला 75 सेकंद. मग त्यांनी क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजायचं यंत्र, लावला. लिव्हर बंद करून लगेच मारलं तर 168 मीटर सेकंदाला. अर्ध्या मिनिटाने 157. एक मिनिटाने 141. पाच मिनिटं थांबून मारलं तर पेलेट कागदाला नुसता टेकला आणि खाली पडला, मुलगी हसली, मी नाही हसलो.

वेग 168 वरून 141 वर आला की 10 मीटरवर पेलेट जवळजवळ सात मिलिमीटर खाली जातो. सात मिलिमीटर म्हणजे काय? या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरने वाढते. म्हणजे पोरीने बरोबर मारलेला दहा रायफल तिथेच आठवर नेऊन ठेवत होती. आणि मी घाईत मारत होतो म्हणून माझे दहा येत होते. म्हणजे वाईट नेमबाज मी, आणि शिव्या खाल्ल्या तिने.

कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा एक मित्र हायड्रॉलिकचं काम करतो, त्याच्याकडे पंप खोलला. आत ग्रीस असं कोंबलेलं की बोटाने काढावं लागलं. ते पुसल्यावर पिस्टनवर मूळ सील नव्हतंच, कुठला तरी साधा रबरी ओ-रिंग होता, मापाला बारीक, आणि तो घट्ट बसावा म्हणून त्याच्याखाली पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली. आपण नळाला लावतो ती! मित्राने चिमट्याने टोक धरून ओढली तर ती टेप येतच राहिली, येतच राहिली, हातभर निघाली. जाड ग्रीस ताजं असेपर्यंत हवा पाच-दहा सेकंद अडते, तेवढ्यात मारलं तर सगळं झकास. त्या माणसाचा हात एवढा का भराभर चालत होता ते मला तिथे त्या चिमट्याकडे बघताना कळलं.

फोन केला. पहिल्यांदा म्हणाला गोव्याची हवा दमट, सील जातात, मी काय करू. टेपचा फोटो पाठवला तर म्हणाला तुमच्या मेकॅनिकने घातली असेल. मग "तुम्ही बघून घेतली, सही आहे तुमची". मग ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन करून काय सांगणार, पैसे ऑनलाईन कुणी चोरले नाहीत, मीच जाऊन हातात दिले. वकिली शिकलेल्या भाच्याने सांगितलं की हा दुकानदार नाही, प्रायव्हेट माणूस, त्यात तू लिहून दिलंयस, भांडता येईल पण 58 हजारांसाठी किती हेलपाटे मारशील ते बघ. घरची म्हणाली सोडून दे. सोडलं.

एकाने सुचवलं, परत ग्रीस भर आणि काढून टाक कुणाला तरी. तसं केलं नाही. बॅरल आणि ट्रिगर खरंच चांगले आहेत, तो भाग त्याने खोटा सांगितला नव्हता, त्यामुळे बाहेरून मूळ सीलचा सेट मागवला, येईपर्यंत अडीच महिने गेले आणि वर साडेआठ हजार. आता एक मिनिट थांबून मारलं तरी क्रोनोग्राफवर दोन-तीन मीटरपेक्षा जास्त फरक येत नाही. मुलीला सॉरी म्हटलं. ती म्हणाली पपा तुम्ही स्कूटरवर म्हणालात ते रेंजवर सगळ्यांसमोर परत घ्या. घेतलं.

तुम्ही जर सिंगल स्ट्रोक बघायला जाणार असाल तर पेलेटचा डबा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन जा. लिव्हर स्वतः बंद करा, घड्याळात दोन मिनिटं होऊ द्या, त्याच्याशी पावसाच्या, काजूच्या, कसल्याही गप्पा मारा, आणि मग मारा. लगेच मारलेले पाच एका कार्डावर, थांबून मारलेले पाच दुसऱ्या कार्डावर, दोन्ही कार्डं एकावर एक धरून उजेडाकडे बघा. भोकं जुळली नाहीत तर पैसे खिशातच ठेवा. तो मधेच "सीलवर लोड येतो" म्हणाला तर चहा पण पिऊ नका. ओळखीत कुणाकडून क्रोनोग्राफ उसना मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. आणि व्हाईसमधल्या ग्रुपवर भाळू नका, व्हाईसला श्वास घ्यावा लागत नाही.

बायकोच्या नंबरवरून परवा त्या माणसाची नवी जाहिरात दिसली. अ‍ॅक्शन दुसरी आहे, या वेळी वॉल्थर लिहिलंय, "फुल सर्व्हिस केलेली, सील नवीन". टॉवेल तोच, निळा, कोपऱ्यात जळका डाग.