खडे चढावर चढतात! धान्य सफाई सेंटरचा अनुभव

या वर्षी घरची दोन पोती मालदांडी ज्वारी आली, खळ्यावरची म्हटल्यावर बारीक खडे आलेच, आणि आईचे गुडघे आता सूप घेऊन बसू देत नाहीत, म्हणून तालुक्याला नवीन सफाईचं सेंटर निघालंय तिथं नेली. किलोला दोन रुपये. आधी महाग वाटलं.

पण मशीन बघूनच पैसे वसूल झाले राव! सुरुवातीच्या चाळण्यांत काडीकचरा जातो, त्यात काय विशेष नाही. खरी गंमत डिस्टोनरची, म्हणजे खडे वेगळे काढणाऱ्या मशीनची. तिरकी जाळी, खालून ब्लोअरची हवा, आणि जाळी सारखी थरथरतीय. मला वाटलं खडे जड, ते उतारानं खाली येणार. कसलं काय, ज्वारी पाण्यासारखी खाली वाहतीय आणि खडे मुंग्यांसारखे एकामागं एक चढावर चाललेत, वरच्या तोंडातून डब्यात टणटण पडतायत! बघत उभा राहिलो तर बायकोचे दोन फोन मिस झाले.

मशीनवरचं पोरगं म्हणालं, "काका, हवेनं ज्वारी उचलून धरलीय, ती जाळीला टेकतच नाय, घसरत जाती. खडा टेकतो, त्याला जाळी ढकलती." बरोबरच आहे, जाळीचा झटका तिरका, चढाच्या बाजूला, त्यामुळं खडा दर झटक्याला जरासा वर सरकतो. दोन्हीकडं सारखंच हललं असतं तर वर चढला नसता. बारावीला ब्राउनियन मोशन शिकवताना सर सांगायचे, पाण्यातल्या बारीक कणाला सगळीकडून रेणूंचे धक्के बसतात, कधी इकडून जास्त, कधी तिकडून, म्हणून तो नुसता भरकटतो, ठरावीक दिशेनं जात नाही. इथं धक्क्यालाच दिशा दिलीय, बास. आई सुपात घोळताना मनगटाला जो हिसका देते तो पण हाच की!

आता तक्रार. आमच्या आधी गव्हाचा लॉट होता आणि हवा तशीच मोठी ठेवलेली, त्यामुळं पहिल्या अर्ध्या पोत्यात खडे पण तरंगत ज्वारीबरोबर खाली आले. सांगितल्यावर हवा कमी केली, तेवढा माल परत फुकट फिरवून दिला, कुरकुर नाही. तुम्ही गेलात तर आधी मूठभर माल बघून घ्या.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो मातीच्या बारीक ढेकळांसाठी, ती वजनाला ज्वारीएवढीच, मशीनला काय कळणार. आईनं घरी पहिल्याच मुठीत तीन काढून दाखवली.