सहा वर्षांचा फोन आईच्या हातात: आठ महिन्यांचा अनुभव

२०१९ च्या दिवाळीत घेतलेला माझा फोन गेल्या जूनमध्ये मी कपाटातून बाहेर काढला, बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानात त्याची बॅटरी बदलून घेतली आणि नंदगडला आईच्या हाती दिला. तेव्हापासून तो रोज वापरात आहे. कीर्तने, जुनी संगीत नाटके, संध्याकाळची एक मालिका आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढीच तिची गरज. आपला जुना फोन घरातल्या वडीलधाऱ्यांना देण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून या आठ महिन्यांत जे कळले ते सविस्तर लिहीत आहे.

फोन मध्यम किमतीचा होता. ३ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण आणि फुल एचडी पडदा. तो अँड्रॉइड ९ घेऊन आला, २०२० मध्ये त्याला अँड्रॉइड १० मिळाले आणि २०२१ मध्ये शेवटचा सुरक्षा पॅच, म्हणजे सुरक्षेतले दोष बुजवणारे छोटे अपडेट, आला. त्यानंतर केव्हाही पाहिले तरी तो ‘आपली सिस्टीम अद्ययावत आहे’ असेच दाखवतो. हे वाक्य दिशाभूल करणारे आहे. यापुढे काही येणार नाही, हा त्याचा खरा अर्थ आहे आणि तो कंपनीने स्पष्ट शब्दांत लिहायला हवा होता.

२०२० चे ते अपडेट मी जवळजवळ टाळलेच होते. अपडेट केले की फोन मंद होतो, असे ओळखीचे चार जण सांगत होते आणि डाउनलोडही मोठे होते. शेवटी टिळकवाडीतल्या मित्राच्या घरी वायफायवर ते उतरवून घेतले. त्या एका संध्याकाळचे मोल मला गेल्या ऑगस्टमध्ये समजले. क्रोम ब्राउझरच्या १३९ व्या आवृत्तीपासून किमान अँड्रॉइड १० लागते, ९ वर असलेल्या फोनांना १३८ वर थांबावे लागले. पाच वर्षांपूर्वी मी ‘नंतर पाहू’ म्हणून ते राहू दिले असते, तर आज आईचा ब्राउझर मागे पडला असता. कंपनीने दिलेले मोठे अपडेट, ते कितीही उशिरा आलेले असो, घेऊन ठेवावे, असे माझे आता ठाम मत आहे.

उलट उदाहरणही घरातच आहे. माझ्या चुलतभावाकडे २०१५ चा फोन आहे आणि तो अँड्रॉइड ६ वर अडकलेला आहे. त्याच्या फोनवर अनेक संकेतस्थळे उघडेनाशी झाली, ‘कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा येऊ लागला आणि त्याला वाटले की सिमकार्डच बिघडले. प्रत्यक्षात दोष संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांचा होता. असंख्य संकेतस्थळे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत सुरक्षा प्रमाणपत्रे वापरतात आणि त्या संस्थेचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पूर्वीच्या फोनांमध्ये नाही. एका जुन्या प्रमाणपत्राच्या आधाराने त्यांचे काम २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत चालले, मग तो आधारही संपला. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रे सोबत बाळगतो, म्हणून तो टाकल्यावर काही काळ त्याचे काम भागले. फोनमध्ये काहीही मोडले नव्हते, पडदा आजही स्वच्छ आहे. तरी तो बाजूला ठेवावा लागला, याचे मला फार वाईट वाटते.

आता मुख्य विषय, म्हणजे व्हिडिओ. पहिल्याच आठवड्यात आईचा फोन आला, “अरे बाळा, चित्र नुसतं फिरूलालंय की!” खानापूर तालुक्यात जून-जुलैचा पाऊस म्हणजे करंट जाणे आणि त्यामागोमाग नेटवर्क जाणे आलेच, त्यामुळे सगळा दोष मी आधी पावसावर टाकला. पण नेटवर्क चांगले असतानाही फोन गरम होऊ लागला आणि तासाभराच्या कीर्तनात बॅटरी झरझर उतरू लागली, तेव्हा मी एका सुट्टीत नंदगडला जाऊन नीट पाहिले.

व्हिडिओ लहान करून पाठवण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ ही २००३ पासूनची पद्धत, व्हीपी९ ही २०१३ ची आणि एव्ही१ ही २०१८ ची. पहिल्या दोन्ही उलगडण्यासाठी माझ्या फोनच्या चिपमध्ये स्वतंत्र व्यवस्था आहे. एव्ही१ साठी ती नाही, कारण चिप त्याआधीच्या आराखड्याची आहे. मात्र अँड्रॉइड १० मध्ये एव्ही१ सॉफ्टवेअरने उलगडण्याची सोय आली, म्हणजे तेच काम मुख्य प्रोसेसरला राबवून केले जाते. व्हिडिओची तांत्रिक माहिती दाखवणारा पर्याय चालू केल्यावर माझी खात्री पटली. ज्या व्हिडिओपुढे एव्ही१ दिसे, त्यावेळी फोन तापे. व्हीपी९ असेल तेव्हा थंड राही. एव्ही१ मुळे डेटा वाचतो हे खरे आहे, परंतु जुन्या फोनवर त्या बचतीची किंमत बॅटरी मोजते. मी चित्राचा दर्जा ४८० वर, म्हणजे एचडीपेक्षा खाली, कायम केला आणि त्यानंतर तक्रार बरीच कमी झाली.

दुसरा प्रश्न पैशांचा होता. मालिकेसाठी मी एका सेवेचा एचडी पॅक घेतला होता, पण चित्र कायम किंचित धूसर. ग्राहक केंद्राने तीन वेळा ॲप काढून पुन्हा टाकायला लावले. खरे कारण मला फोनची डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या व्यवस्थेची, माहिती दाखवणाऱ्या एका छोट्या ॲपमधून सापडले. सशुल्क व्हिडिओ कुलूपबंद करण्यासाठी अँड्रॉइडवर वाइडव्हाइन नावाची यंत्रणा असते. एल१ दर्जाच्या फोनमध्ये कुलूप उघडणे आणि चित्र उलगडणे ही दोन्ही कामे प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होतात, तर एल३ मध्ये ती साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. एल३ फोनवर नक्कल करणे सोपे असल्याने बहुतेक सशुल्क सेवा त्यावर एचडी देत नाहीत, साधारण ४८० वरच थांबतात. माझा फोन पहिल्या दिवसापासून एल३ होता. खोक्यावर ‘फुल एचडी’ ठळक अक्षरांत छापले होते, हे मात्र कुठेही छापलेले नव्हते. ग्राहकाला ही गोष्ट पैसे देण्यापूर्वी कळायला हवी.

तरीही प्रामाणिकपणे सांगतो, आईला याचा काही तोटा झालेला नाही. सहा इंची पडद्यावर, चष्म्यातून पाहताना, ४८० पुरेसे आहे आणि रोजच्या दीड जीबीत तिचे सगळे कार्यक्रम बसतात. मी महागडा पॅक बंद करून फक्त मोबाईलपुरता पॅक घेतला. शनिवारी मी तिला बेळगावला आणतो, तेव्हा आठवड्याची कीर्तने वायफायवर साठवून देतो. नंदगडला लाईट नसली तरी ती चालतात. ३२ जीबीची साठवण येथे अपुरी पडते, कारण ॲप दर महिन्याला फुगत जातात.

भाषेच्या बाबतीत हा फोन अजून उत्तम आहे. अँड्रॉइड ७ पासून एकाच वेळी अनेक भाषा निवडता येतात. आईचा फोन मराठीत आहे, दुसऱ्या क्रमांकावर कन्नड ठेवली आहे. वीजबिलाचा संदेश कन्नडमध्ये आला की नातू वाचून दाखवतो आणि त्याच कीबोर्डवर उत्तरही लिहितो. कीबोर्ड आणि ब्राउझर प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे येतात, म्हणून सिस्टीम थांबल्यावरही ते ताजे राहतात.

सुरक्षेच्या बाबतीत मी कोणतीही सवलत घेतलेली नाही. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचा दोष उघड झाला होता, ज्यात केवळ एका व्हिडिओ संदेशाने फोनचा ताबा जाऊ शकत होता, आणि त्यानंतरच अँड्रॉइडचे मासिक सुरक्षा पॅच सुरू झाले. ज्या फोनला २०२१ नंतर पॅच नाही त्यावर असे नवे दोष उघडेच राहतात. अँड्रॉइड १० सोबत व्हिडिओ उलगडणारे काही भाग थेट गुगलकडून अद्ययावत करण्याची सोय आली खरी, पण ९ वरून १० वर आलेल्या फोनांना ती सक्तीची नव्हती आणि माझ्या फोनमध्ये ती नाही. म्हणून त्यावर बँकेचे ॲप नाही, यूपीआय नाही, आणि आईचे खाते ज्या क्रमांकाला जोडलेले आहे ते सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये आहे.

दुकानातल्या मुलाने लिनिएजओएस, म्हणजे अँड्रॉइडवरच आधारलेली पर्यायी सिस्टीम, टाकून देतो म्हणून सुचवले होते. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचे कुलूप, उघडावे लागते आणि एरवी त्यामुळे अनेक फोनांचे एल१ जाते. माझ्याकडे ते मुळातच नसल्याने गमावण्यासारखे फारसे नव्हते. पण गावात एकटी असलेल्या आईचे संपर्काचे साधन प्रयोगासाठी वापरणे मला पटले नाही.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षे सिस्टीम अपडेट देणे बंधनकारक आहे. असा नियम आपल्याकडे व्हावा असे मला मनापासून वाटते, कारण येथे एक फोन तीन पिढ्यांच्या हातांतून जातो. आईसाठी पुढचा फोन घेताना मी दुकानातच वाइडव्हाइनचा दर्जा पाहीन, चिप एव्ही१ उलगडते का ते विचारीन आणि अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार हे बिलावर लिहून मागेन. क्रोम अँड्रॉइड १० ला सोडेपर्यंत मात्र हाच फोन नंदगडला राहील.