‘आता माझा वारा!’ : शनिवारच्या वर्गात नऊ महिने स्टोरीवीव्हर

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दर शनिवारी चार ते साडेपाच मी मुलांचा मराठी वाचनवर्ग घेते. मुलं सतरा-अठरा, तिसरी ते आठवीची. घरात मराठी, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी. बोलायला एकेक पोपट, पण पुस्तक हातात दिलं की गाडी अडते. गुजराती शाळेतली पोरं लिहिताना डोक्यावरची रेघ विसरतात. इंग्रजी शाळेतल्यांना हिंदीमुळे देवनागरी येते, पण ‘ळ’ समोर आला की ती माझ्या तोंडाकडे बघतात. मला ती सवयीने ‘बेन’ म्हणायची, आता ‘ताई’वर आली आहेत.

गेल्या जुलैपासून या मार्चपर्यंत या वर्गात स्टोरीवीव्हर, म्हणजे मुलांच्या गोष्टींची एक फुकट वेबसाइट, वापरलं. आपल्याही मुलांना दाखवावं का, असं दोन-तीन ओळखीच्या शिक्षिकांनी विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक कबुली. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही वर्गणी काढून एक पैशाचं वाचन-ॲप घेतलं होतं. नाव घेत नाही. त्यात पान उलटलं की नाणी मिळायची, पुस्तक संपलं की फटाके उडायचे. पाचवीतल्या एका मुलाने वीस मिनिटांत अकरा पुस्तकं संपवली. मी कौतुकाने विचारलं, “शेवटच्या गोष्टीत काय झालं रे?” तर म्हणाला, “ताई, एकशेवीस कॉइन झाले.” अहवालात मात्र तो वर्गातला सगळ्यात मोठा वाचक! वर्ष संपलं, आम्ही वर्गणी पुन्हा भरली नाही.

स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्सचं. ही 2004 साली सुरू झालेली, बंगळुरूची, नफा न घेणारी मुलांची प्रकाशनसंस्था. 8 सप्टेंबर 2015 रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनाला, त्यांनी ही डिजिटल गोष्टींची पेटी सगळ्यांना उघडी केली. पैसे नाहीत, नाणी नाहीत, फटाके नाहीत. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळं एकाच ठिकाणी, शिवाय कितीतरी आदिवासी भाषा. गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून छापा, वाटा, भाषांतर करा, परवानगीचं पत्र पाठवायला नको. आमच्यासारख्या बिनपैशाच्या वर्गाला याचं मोल किती, ते पुढे येईलच.

माझ्या लेखी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पातळ्या. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिलीत साधारण 250 शब्दांपर्यंत, दुसरीत 600, तिसरीत 1500 आणि चौथीत त्याहून जास्त. यात इयत्ता कुठेच लिहिलेली नाही, आणि मला तेच हवं होतं. आमच्यात सातवीतला एक उंच मुलगा आहे. मिसरूड फुटतंय, आणि मराठी दुसरीतल्या मुलासारखं वाचतो. बालभारतीचं दुसरीचं पुस्तक त्याच्या हातात दिलं तेव्हा तो पुढचे दोन शनिवार आलाच नाही. यंदा त्याला म्हटलं, “छोट्यांना वाचून दाखवायला कुणीतरी पाहिजे. पहिल्या पातळीतल्या चार गोष्टी घरी तयार करून ये.” आला की तयार करून! पानावर दोनच ओळी, चित्र मोठं. तिसरीतली पोरं त्याच्या गुडघ्याला चिकटून बसली. दिवाळीपर्यंत तो आपणहून दुसऱ्या पातळीवर गेला. तिसरी अजून त्याला जड जाते, मी ओढत नाही.

दुसरं म्हणजे ‘रीड-अलाँग’. गोष्ट ऐकू येते आणि जो शब्द चालू आहे तो पडद्यावर रंगतो. आपल्याकडे या तत्त्वाला जुनी पुण्याई आहे. शेजारच्या अहमदाबादेत आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी 1996 साली हीच कल्पना मांडली, की गाण्याच्या खाली त्याच भाषेतली अक्षरं दाखवा, बघणाऱ्याचं वाचन आपोआप घडतं. माझा अनुभव थोडा वेगळा. पहिल्या वेळी मुलं चित्रच बघतात, अक्षरांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. दुसऱ्यांदा आवाज बंद करून लावलं आणि ‘आता आवाज तुमचा’ म्हटलं, की डोळे रंगणाऱ्या शब्दाला चिकटतात. ‘ळ’ची भीती अशीच गेली.

आणि इथेच तो वारा आला. गुजरातीत पाळीला ‘वारो’ म्हणतात. आमची पोरं त्याचं मराठी करून बिनधास्त ‘आता माझा वारा!’ असं ओरडतात. मीही बडोद्याचीच, मला कधी खटकलं नव्हतं. एका गोष्टीत वारा सुटतो नि कपडे उडतात. चौथीतली मुलगी वाचता वाचता थांबली आणि गंभीरपणे म्हणाली, “ताई, पण कोणाचा वारा?” सगळा वर्ग हसला, मग गप्प झाला. फळ्यावर दोन खाने केले, वारा आणि पाळी. त्या दिवशी पुढचं वाचन झालंच नाही, नुसते असे शब्द गोळा केले. ‘लेसन’ म्हणजे गुजरातीत गृहपाठ, हा दुसरा. नाणीवाल्या ॲपवर हा तास घडला नसता, कारण तिथे थांबलं की नाणी बुडायची.

आता कटकटी. बहुतेक आमच्या किंवा माझ्याच.

वाड्याच्या भिंती दीड हात जाड, नेट आत यायला तयार नाही. पहिले दोन शनिवार गोल फिरणारं चक्र बघण्यात गेले. तिसऱ्यापासून मी शुक्रवारी रात्री घरी गोष्टी उतरवून पेन ड्राइव्हवर आणायला लागले. दुपारच्या उजेडात प्रोजेक्टरवर काही दिसेना, म्हणून एका पालकांचा जुना टीव्ही आणला. मोबाईल प्रत्येकाच्या हातात द्यायचा प्रयोग एकदाच केला. पाच मिनिटांत निम्मी मुलं क्रिकेटचा स्कोअर बघत होती. एक पडदा आणि सगळ्यांनी मिळून वाचायचं, हेच आमच्याकडे चाललं. नवरात्रीचे नऊ दिवस तर विसरा, गरब्याहून पहाटे परतलेलं पोर दुपारी चारला काय वाचणार!

एक चूक सरळ माझी. इथे कुणालाही भाषांतर करून गोष्ट टाकता येते, म्हणून वर्गात दाखवण्याआधी ती स्वतः शेवटपर्यंत वाचायला हवी. एकदा घाईत नुसतं मुखपृष्ठ बघून गोष्ट उघडली. आजोबा वारल्याची निघाली. वर्गातल्या एका मुलीचे आजोबा आठवड्यापूर्वीच गेले होते. ती रडली नाही, पण शेवटपर्यंत पडद्याकडे पाठ करून बसली. तेव्हापासून शुक्रवारची रात्र राखून ठेवते.

मला सगळ्यात जास्त फळलं ते छापणं. पीडीएफ उतरवायची, ए-फोर कागदावर दोन-दोन पानं आडवी काढायची, मधे दोन पिना मारायच्या. रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे काळ्या-पांढऱ्यात एक पुस्तिका आठ-दहा रुपयांत पडते. त्याने पहिल्यांदा विचारलं, “बेन, आ छपाय?” म्हणजे, हे छापता येतं का? मी परवान्याची ओळ दाखवली. आता तो पुस्तिकेच्या पाठीला पट्टीही लावून देतो, फुकट. चित्रं मुलं घरी रंगवतात. अशा पुस्तिका मी एका पत्र्याच्या पेटीत भरते आणि पेटी दर शनिवारी एका घरी जाते, पुढच्या शनिवारी दुसऱ्या.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. सयाजीरावांनी 1906 साली सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि मग शिकलेल्यांनी वाचायचं काय, म्हणून 1910 साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणून ग्रंथालयं उभी केली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या जमिनीवरून चालत पुस्तक काढण्याचा थरार आमच्या पिढीला ठाऊक आहे. त्याच योजनेत पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव जायच्या. आमची पेटी पत्र्याची, आणि गावाऐवजी चाळीतून चाळीत जाते. एका घरून ती परत आली तेव्हा दोन पुस्तिका कमी होत्या. चौकशी केली तर आजीबाईंनी ठेवून घेतलेल्या. “अक्षर मोठं आहे गं, मला चष्म्याशिवाय दिसतं.” मागायचं कसं? पुन्हा छापल्या.

तर घ्यावं का? एकट्या मुलाच्या हातात मोबाईल देऊन ‘वाच’ म्हणायचं असेल, तर माझा अनुभव उपयोगाचा नाही, मी तसं वापरलंच नाही. पण वर्ग असेल, एक पडदा असेल आणि शुक्रवारचा तासभर मोडायची तयारी असेल, तर बेलाशक सुरू करा. वाचायला खातं लागत नाही. भाषांतर करायचं असेल तर मात्र लागतं. वर्गासाठी मी माझं एकच ठेवलं आहे.

सध्या भाषांतरच चालू आहे. सहावीतल्या दोघी एक गुजराती गोष्ट मराठीत आणताहेत. डावीकडे मूळ, उजवीकडे वहीत कच्चं, मग मी टाइप करते. बारापैकी अकरा पानं झाली. गाडी अडली आहे ‘बा’वर. एकीच्या शेजारी ‘बा’ म्हणजे आई, दुसरीच्या शेजारी ‘बा’ म्हणजे आजी. चित्रातल्या बाईचे केस पांढरे आहेत, पण पहिली म्हणते, “माझ्या आईचे पण आहेत.” तीन शनिवार झाले, ‘प्रसिद्ध करा’चं बटण मी अजून दाबलेलं नाही.